रिकाम्या खुर्चीचा चंचलांक

"चौऱ्याऐंशी," मुख्याध्यापिका कुंभोजे बाई म्हणाल्या आणि टेबलावरची स्क्रीन त्यांनी सुवर्णाकडे वळवली. "जुलैत एकोणऐंशी होता. कमी व्हायचं सोडून वाढलाय."

सुवर्णा ढवळेनं आकडा पाहिला. खाली नाव होतं, शरयू रणजित ढवळे, इयत्ता चौथी, आणि नावापुढे लाल ठिपका. इचलकरंजीत मागावर काम करणाऱ्या बाईला आकड्यांचं भय नसतं. इंचाला किती धागे, पाळीला किती मीटर, सगळं तोंडपाठ असतं. पण पोरीची उंची आणि वजन सोडून आणखीही काही मोजता येतं, हे अजून तिच्या पचनी पडलं नव्हतं.

"आता पुढं काय?" तिनं विचारलं.

"दोन वेळा साठाच्या वर गेलं की नियम लागू होतो. सोमवारपासून कमरेला पट्टा. मूल जास्त हललं की पट्टा थरथरतो, मुलाला आठवण होते. दुखत नाही हं. तुकडी बदलेल, स्थैर्य तुकडीत बसेल. आणि विद्यार्थी-क्रमांकावर नोंद राहील."

"किती दिस?"

"दहावीपर्यंत," बाई म्हणाल्या आणि उगाचच टेबलावरचे कागद सरळ केले. वाईट बाई नव्हत्या त्या. पंचवीस वर्षं शिकवत होत्या, पण गेली चार वर्षं मुलांकडे कमी आणि स्क्रीनकडे जास्त बघावं लागत होतं, एवढंच.

"ती चळवळी हाय, मी न्हाई म्हणत न्हाई," सुवर्णा म्हणाली. "पण चौऱ्याऐंशी? बाई, तुमच्या वर्गात बसती ती. तुमाला चौऱ्याऐंशी वाटती का?"

"मला काय वाटतं याला आता अर्थ नाही, सुवर्णाताई. यंत्राला वाटत नाही, यंत्र मोजतं."

त्या यंत्राचं नाव स्थिरनेत्र. मुलं त्याला नुसतंच 'डोळा' म्हणायची. आता हे आधीच सांगून टाकायला हवं की मूळ कल्पना चांगली होती. पूर्वी एखादं मूल खरोखर अतिचंचल आहे की नुसतंच द्वाड आहे, हे ठरवायला डॉक्टर आईबापांना आणि शिक्षकांना प्रश्नावली भरायला देत. दमलेली आई लिहायची, फारच हलतो. लाडावणारी आजी सांगायची, छे, गुणी आहे. आणि साठ मुलं सांभाळणाऱ्या गुरुजींना तर अख्खा वर्गच चंचल वाटायचा. मग कॅमेरा आला. मुलाला खुर्चीवर बसवायचं, बावीस मिनिटं गोष्ट ऐकवायची आणि त्याचं चित्रण करायचं. चित्रण म्हणजे सेकंदाला पंधरा स्थिर चित्रं, आणि एकेक चित्र म्हणजे लाखो बारीक ठिपके. संगणक एका चित्रातून पुढचं चित्र वजा करतो. जो ठिपका जसाच्या तसा राहिला त्याची वजाबाकी शून्य, तो काळा. जो बदलला तो पांढरा. मूल जितकं हलेल तितके पांढरे ठिपके जास्त. बावीस मिनिटांच्या पांढऱ्या ठिपक्यांची सरासरी काढली की शून्य ते शंभरमधला एक आकडा हाती येतो. तोच चंचलांक.

त्या आकड्याला कुणाचा लळा नव्हता, कुणावर राग नव्हता. काही मुलांना त्यामुळे वेळेवर उपचार मिळाले, हेही खरं. भानगड झाली ती नंतर. डॉक्टरच्या खोलीतला आकडा शाळेच्या ऑफिसात आला, आणि ऑफिसात शिरलेल्या आकड्याचा नियम व्हायला कितीसा वेळ लागतो? त्यात मुलांचं खासगीपण जपायचं म्हणून चित्रण तासाभरात पुसलं जाई. मागे उरायचा तो नुसता आकडा.

"मला ते चित्रण बघायचं हुतं," सुवर्णा म्हणाली.

"पुसलं."

"मग आकडा चुकला का बरोबर आला, ते कसं कळायचं?"

"आकडा चुकत नाही," बाई म्हणाल्या.

सुवर्णा उठली. इतकी वर्षं मागावर काढलेल्या बाईला एक गोष्ट पक्की ठाऊक असते: न चुकणारं मशीन अजून कुणी बनवलेलं नाही. पण चूक कुठं आहे ते दाखवल्याशिवाय मालकही ऐकत नाही, तर शाळा कुठली ऐकायला.

घरी रणजित पाळी संपवून नुकताच आला होता. तो साइझिंगमध्ये होता, म्हणजे ताण्याच्या सुताला खळ लावायच्या खात्यात. अंगाला कायम पेजेचा वास. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि चहाचा कप खाली ठेवला.

"पट्टा तर पट्टा," तो म्हणाला. "चष्मा लागला असता तर लावलाच असता न्हवं आपण?"

"अहो, चष्मा लावला की पोरीला दिसतंय. ह्या पट्ट्यानं तिला काय दिसणार हाय?"

"शाळेच्या इरुद्ध जाऊन कुणाचं भलं झालंय? उद्या तिलाच तरास देतील. जरा ऐकावं माणसानं."

रणजितचं सगळं आयुष्य ऐकण्यात गेलं होतं. माणूस सोन्यासारखा, पण पाठीचा कणा खळ न लावलेल्या सुताचा, असं सुवर्णाची सासूच म्हणायची. सुवर्णा आतल्या खोलीत गेली.

शरयू कॉटवर बसली होती. ताठ, पाय जुळवून, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. बोटांची टोकं पांढरी पडली होती.

"हे काय गं?"

"हातांवर बसलं की हात हलत नाहीत," शरयू म्हणाली. "फक्त मुंग्या येतात. मी चारशेपर्यंत मोजलं."

"काढ हात बाहेर."

पोरीनं हात काढले आणि चोळले. मग खाली बघत विचारलं, "आई, मी फॉल्टची आहे का?"

फॉल्टचा माल म्हणजे विणताना खोट राहिलेलं कापड. घरात दिवसातून दहादा हा शब्द निघायचा, तिथूनच पोरीनं उचललेला. सुवर्णाला राग आला, निव्वळ, लखलखीत राग. नऊ वर्षांच्या पोरीनं स्वतःलाच नाकारलेल्या ताग्यात जमा करावं आणि आपण आई म्हणवून गप्प बसावं?

"तू न्हाईस फॉल्टची," ती म्हणाली. "कोण हाय ते मी हुडकून काढते."

बोलून तर बसली, पण हुडकायचं कुठं हे तिला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बुधवार. कारखान्यात तिच्याकडे आठ माग होते. दुपारी जेवणाच्या सुट्टीत ती कापड तपासणीच्या खोलीत गेली. तिथं मेहरून खाला बसायची. साठी उलटलेली, चष्म्याच्या काचा बाटलीच्या बुडाएवढ्या, पण कापडावर सुईएवढी खोट असली तरी बोटानं सापडायची तिला. खरं तर तिची नोकरी केव्हाच जायला हवी होती, कारण खोट शोधायला आता मशीनवर कॅमेरा होता. तरी ती राहिली होती, ती एकाच कारणासाठी.

त्या दिवशी तेच कारण मशीनवर चढलं होतं. निळा एक धागा, पांढरा एक धागा, असे केसासारखे बारीक पट्टे. लांबून बघितलं तर फिकट आभाळी रंग वाटायचा. कापड पुढं सरकेना आणि मशीन नुसतं बोंबलत होतं. टूं टूं टूं. स्क्रीनवर लाल चौकटीच चौकटी.

"खाला, एवढा फॉल्ट?" सुवर्णानं विचारलं.

"कसला फॉल्ट आन् कसलं काय," मेहरून खालानं मशीनचं तोंड बंद केलं. "पोरगं नवीन हाय आज, कॅमेऱ्यावर लावलं त्यानं हे. ही क्वालिटी कॅमेऱ्याला चालत न्हाई, किती येळा सांगायचं? पट्टा बारीक पडला की कॅमेरा येडा हुतो. कापड उभं असलं, नुसतं पंख्याचं वारं लागलं, तरी त्याला वाटतं सगळं हललं. ही क्वालिटी डोळ्यानंच बघायची. म्हणून तर मला ठेवलीय."

सुवर्णा कापडाकडे बघत राहिली. या कापडाचा पहिला नमुना तिच्याच मागावर निघाला होता. त्या नमुन्याचा तुकडा मालकानं तिला दिला होता. आणि त्या तुकड्याचा तिनं स्वतः, हौसेनं, कॉलरला लेस लावून फ्रॉक शिवला होता.

ती मटकन खालाशेजारी बसली.

जुलैतल्या मापनाच्या दिवशी नेमका शरयूचा वाढदिवस होता. वाढदिवसाला गणवेश घालायचा नाही, रंगीत कपडे घालून वर्गात चॉकलेटं वाटायची, ही रीत शाळेत राज्यघटनेपेक्षा काटेकोर पाळली जाते. शरयू तो फ्रॉक घालून डोळ्यापुढं बसली होती. आणि आता दुसऱ्या वेळी तर सुवर्णानंच बाईंकडून खास परवानगी घेतली होती. बाहेरचे डॉक्टर मोजायला येणार, त्यांच्यापुढं पोर विटलेल्या गणवेशात कशी बसवायची? विणकराच्या घरची पोर. कापडातच कमी पडलो, तर मग उरलं काय?

"काय झालं गं?" खालानं विचारलं.

"मीच केलं, खाला. पोरीला मीच नटवून पाठवली." मग तिनं डोळे पुसले आणि उठली. "तो फ्रॉक धुवायला टाकलाय का कपाटात हाय, कोण जाणे."

गुरुवारी सकाळी ती शाळेत गेली तेव्हा डॉक्टर समीर मुजावर मापनाच्या खोलीत एक खोकं उघडत होते. जिल्ह्यातल्या तीस शाळांचं मापन या एका माणसाकडे होतं. पस्तिशीचा, डोळ्यांखाली काळं, बोलायला मऊ. खोक्यात करड्या रंगाचे बारा पट्टे होते. चौथीच्या वर्गातली बारा मुलं दोन्ही वेळा साठाच्या वर गेली होती.

"तुमच्या मशीनपुढं मला एक खुर्ची मोजून द्या," सुवर्णा म्हणाली.

"खुर्ची?"

"रिकामी खुर्ची. दहा मिन्टं लागतील."

कुंभोजे बाई मागून आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "सुवर्णाताई, ही काय थट्टा आहे?" पण डॉक्टरांच्या चेहऱ्यावर वैतागाबरोबर कुतूहलही दिसलं. त्यांनी मान हलवली.

कापडाची परीक्षा कशी करायची हे सुवर्णाला कुणी शिकवायला नको होतं; खोटं ताडायचं तर शेजारी खरं ठेवावं लागतं. तिनं आधी पिशवीतून शरयूचा साधा आभाळी गणवेश काढला आणि खुर्चीच्या पाठीवर चढवला. वर पंखा रोजच्यासारखा फिरत होता. डॉक्टरांनी स्क्रीनवर खुर्चीभोवती बोटानं चौकट आखली, जशी ते मुलाभोवती आखत, आणि पाच मिनिटं मोजलं.

"सात," ते म्हणाले. "पंख्यानं कापड जरासं हलतंय."

मग तिनं गणवेश काढून पट्ट्यांचा फ्रॉक चढवला. लेस सारखी केली. डॉक्टरांनी पुन्हा पाच मिनिटं मोजलं. खुर्ची जागची हलली नाही. फ्रॉकची किनार तेवढी श्वास घेतल्यासारखी वरखाली होत होती.

स्क्रीनवर आकडा आला. शहात्तर. आणि पुढे लाल ठिपका.

"ही खुर्ची अतिचंचल हाय," सुवर्णा म्हणाली. "हिला पट्टा बांधा."

डॉक्टर मुजावर हसले नाहीत. ते वाकून कापडाजवळ गेले, मग कॅमेऱ्याजवळ, मग पुन्हा कापडाजवळ. "कॅमेऱ्याच्या आत ठिपक्यांची जाळी असते," ते हळूहळू बोलले, जणू स्वतःलाच समजावत होते. "आणि हे पट्टेही जवळजवळ तितकेच बारीक पडताहेत. दोन चाळण्या एकीवर एक धरल्या आणि एक केसभर सरकवली, तर मोठमोठ्या लाटा पळताना दिसतात ना, तसं. कापड एक मिलिमीटर हललं की एकदम हजारो ठिपके काळ्याचे पांढरे होतात. मूल श्वास घेतं तेवढ्यानंसुद्धा..." ते थांबले. "हे माझ्या लक्षात यायला हवं होतं."

"आमच्या कारखान्यातल्या पोरालाबी कळतंय हे," सुवर्णा म्हणाली. "उशिरानं का हुईना, कळतंय."

कुंभोजे बाई खुर्चीत बसल्या; त्या फ्रॉकवाल्या नव्हे, दुसऱ्या. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "ठीक आहे. शरयूची नोंद तांत्रिक कारणानं रद्द करू. मी आजच कळवते. तिला पट्टा नाही, काही नाही. हा विषय आपल्यातच राहू दे."

हेच तर हवं होतं. याच्यासाठीच तर ती आली होती. सुवर्णानं फ्रॉकची घडी घालायला घेतली आणि घडी घालता घालता तिची नजर खोक्याकडे गेली.

"बाकीच्या अकरा पोरांच्या अंगावर काय हुतं?" तिनं विचारलं.

बाई आणि डॉक्टर एकमेकांकडे बघू लागले.

"कुणाच्या मागं पडदा हलत असंल. कुणी आईची रेघारेघांची साडी फाडून शिवलेला सदरा घातला असंल. एखादं पोर खरंच चळवळं असंल. तुमी बघितलंय का?"

"चित्रण पुसलंय," डॉक्टर म्हणाले.

"मग परत मोजा. आन् मोजताना माणसाला बघू द्या."

"सहा महिन्यांच्या आत पुन्हा वैयक्तिक मापन करता येत नाही, नियम आहे," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज पडला होता. "सुवर्णाताई, तुमचं काम झालंय. कशाला दुसऱ्यांच्या भानगडीत पडता?"

संध्याकाळी रणजितही नेमकं तेच म्हणाला, पण जास्त आनंदानं. "जिंकलीस की! पेढे आणतो."

"अजून अकरा हायत."

"आगं, त्यांना त्यांचे आईबाप न्हाईत का?"

"त्यांचे आईबाप तुमच्यासारखं 'ऐकावं माणसानं' म्हणत बसल्यात." ती इतक्या जोरात बोलली की बाहेर अंगणात शरयूची दोरीउडी थांबली. "मी कापड विणते म्हणून मला कळलं. ज्यांना कळलं न्हाई त्यांच्या पोरांनी दहावीपतूर थरथरत बसायचं व्हय? हातावर बसायचं? शनिवारी सगळा वर्गच त्या कापडात बसवते मी."

रणजितनं पायजम्याला लागलेली वाळकी खळ नखानं खरवडली. मग विचारलं, "किती कापड लागंल?"

आता शाळेतली एक गोष्ट सांगायला हवी. शनिवारी चौथीच्या वर्गाचं नव्या सहामाहीचं मापन होतं. या खेपेपासून एकेक मूल नव्हे, सभागृहात सगळा वर्ग एकदम मोजला जाणार होता. यंत्राची नवी आवृत्ती तशी होती, आणि तिचा निकाल थेट वरच्या ऑफिसात जाणार होता; शाळेला तो आपल्यातच ठेवता येणार नव्हता. सगळ्यांनी गणवेशात यायचं, असंही कळवलं होतं.

कारखान्यात त्या बारीक पट्ट्याचा एक अख्खा तागा फॉल्टमध्ये पडून होता. कडेला तेलाचे डाग, बाजारात कुणी विचारणार नाही. सुवर्णानं मालकाकडे तो मागितला, आणि मालकानं 'न्या, जागा तरी मोकळी होईल' म्हणून दिला. मेहरून खालानं डाग वगळून तुकडे पाडले. रणजितनं तुकड्यांचा गठ्ठा खांद्यावर टाकून सुवर्णाबरोबर गल्ली गल्ली पालथी घातली, आणि आयुष्यात पहिल्यांदा तो घरोघरी जाऊन स्वतः बोलला. तो बोलायला फार काही चांगला नव्हता. पण खुर्चीची गोष्ट अशी होती की ती कुणीही सांगितली तरी लोकांना हसू यायचं, आणि हसू ओसरलं की राग यायचा.

एका दाराशी मात्र कुणी हसलं नाही. तिथं यशोधन नावाच्या मुलाची आई होती. "माझ्या पोराला खरंच गरज हाय," ती सुवर्णाला म्हणाली. "त्याच्यावर उपचार चालू हायत, आन् त्यानं त्याला बरं वाटतंय. तुमी उगंच यंत्राच्या नावानं खडे फोडू नका."

"त्याला गरज हाय हे तुमाला कुणी सांगितलं?"

"सांगलीच्या डॉक्टरीणबाईंनी. चार दिस बसल्या त्या त्याच्यासंगं. खेळल्या, बोलल्या."

"मग मीबी एवढंच मागतीय," सुवर्णा म्हणाली. "चार दिस कुणीतरी बसा."

त्या बाईनं थोडा विचार केला आणि हात पुढं केला. "द्या एक तुकडा. मशीन हाय माझ्याकडं, अजून दोघांचं शिवून देते."

शनिवारी सकाळी साडेसातला कुंभोजे बाई फाटकाशी उभ्या होत्या. समोरून मुलं येत होती. आणि प्रत्येकाच्या अंगावर निळ्या-पांढऱ्या बारीक पट्ट्यांचं काहीतरी होतं. फ्रॉक, झबल्यासारखे सदरे, बाह्या नसलेल्या बंड्या. एकाची तर नुसती पोतडीला भोकं पाडावीत तशी शिलाई. चाळीस मुलं. प्रत्येकाच्या हातात चॉकलेटची पिशवी. मागून आया, दोन आज्या, आणि डोक्याला रुमाल बांधलेला रणजित.

"हे काय?" बाईंनी विचारलं. "गणवेश कुठाय?"

"आज वाढदिवस हाय, बाई," सुवर्णा म्हणाली. "वाढदिवसाला रंगीत कपडे चालतात."

"चाळीस जणांचा? एकाच दिवशी?"

"व्हय."

शरयूनं पिशवीत हात घातला आणि बाईंपुढे एक चॉकलेट धरलं. बाईंनी ते घेतलं. पंचवीस वर्षांत वाढदिवसाचं चॉकलेट त्यांनी कधी नाकारलं नव्हतं, आणि हात आपोआप पुढे गेला. एकदा चॉकलेट घेतल्यावर मग बोलायला काही उरलं नाही.

सभागृहात मुलं बाकांवर बसली. डॉक्टर मुजावरांनी आत येऊन एकदा वर्गाकडे पाहिलं, एकदा मागे उभ्या असलेल्या सुवर्णाकडे पाहिलं. त्यांच्या ओठांचा कोपरा हलला. तेवढी हालचाल यंत्रानं टिपली नाही.

"सुरू करू?" त्यांनी विचारलं.

"करा की. पण तुमच्या मशीनला जे दिसतंय ते आमालाबी दिसू द्या. भिंतीवर लावा."

"डॉक्टर, तसं करायची पद्धत नाही," बाई म्हणाल्या.

"मनाईही नाही," डॉक्टर म्हणाले, आणि भिंतीवरच्या पडद्यावर त्यांनी यंत्राचं वजाबाकीचं चित्र लावलं.

सभागृहात एकदम 'हाऽऽ' झालं. काळ्याभोर पडद्यावर पांढऱ्या लाटा पळत होत्या. चेहरे नव्हते, बाक नव्हते. होत्या त्या फक्त चाळीस अंगांवरून वळत, फुटत, पुन्हा जुळत जाणाऱ्या लाटा. कुणी श्वास घेतला की त्याच्या छातीवरून एक वलय निघायचं आणि खांद्यावर जाऊन विरायचं. मुलांनी ते पाहिलं आणि त्यांची तोंडं उघडी राहिली. गोष्ट कुणी ऐकलीच नाही. बावीस मिनिटं टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता होती. नाही म्हणायला यशोधन दोनदा उठून उभा राहिला, पण लाटा बघायला परत बसला.

निकाल आला. सर्वांत कमी आकडा ऐंशी. चाळीसच्या चाळीस लाल ठिपके. खाली यंत्रानं आपण होऊन सूचना लिहिली होती: चाळीस पट्टे मागवावेत.

कुणीतरी आजी हसली, आणि मग सगळ्याच हसू लागल्या.

डॉक्टर मुजावर हसले नाहीत. त्यांनी खोक्याकडे पाहिलं, त्यातल्या बारा पट्ट्यांकडे पाहिलं आणि खोक्याचं झाकण लावून वरून चिकटपट्टी ओढली. "मी सोमवारपासून इथं बसतो," ते म्हणाले. "बारा मुलं, एकेकाबरोबर. डोळ्यानं बघतो. आई शेजारी असेल. ज्याला खरंच मदत हवी त्याला मिळेल. आणि आजचा निकाल आहे तसा वर पाठवतो, सोबत खुर्चीचाही."

"हे नियमात बसत नाही, डॉक्टर," कुंभोजे बाई म्हणाल्या.

"रिकामी खुर्चीही नियमात बसत नव्हती, बाई. पण आपण बसवली."

बाईंनी मुठीतलं चॉकलेट उघडलं आणि तोंडात टाकलं. सुवर्णाला वाटलं, ही हो म्हणायचीच एक रीत असावी.

मुलं आता बाकांवरून उठली होती, एकमेकांच्या पाठीवरचं कापड नाचवून पडद्यावर लाटा उठवत होती. शरयू तेवढी गर्दीतून वाट काढत आईजवळ आली.

"आई, माझा किती आला?"

"ब्याण्णव," सुवर्णानं खरं ते सांगितलं.

पोरीचा चेहरा उतरला. "पण मी हललेच नाही! हातांवर पण नाही बसले. खरंच नाही हलले मी."

"मला म्हाईत हाय."

"तुला कसं माहीत?"

"बावीस मिन्टं मी भिंतीकडं बघितलंच न्हाई," सुवर्णा म्हणाली. "तुझ्याकडं बघत हुते."

शरयूनं आईकडे टक लावून पाहिलं, खात्री करून घ्यायला. मग तिला तिच्या पिशवीत उरलेली चॉकलेटं आठवली, दाराबाहेर उभी असलेली तिसरीची मुलं आठवली, आणि ती वळली ती सुसाट निघाली. बाकांमधून, डोळ्याच्या थेट समोरून, फ्रॉक वाऱ्यावर फडफडवत.

"ए शरयू! पळू नकोस!" कुंभोजे बाई सवयीनं ओरडल्या.

पोर दारात थबकली आणि तिनं मागे वळून आईकडे पाहिलं.

"पळ," सुवर्णा म्हणाली.